घराण्यातला आजार की जनुकातला? तपासणी करण्याआधी

‘आमच्या घराण्यातच कावीळ आहे.’ आई, तिची दोन मुले आणि धाकटी मावशी अशा चौघांच्या रक्तात हिपॅटायटिस ‘ब’चा विषाणू सापडला की हे वाक्य हमखास ऐकू येते. पाठोपाठ प्रश्न येतो, मग जनुकांची तपासणी करून घ्यायची का? या घरापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. हा विषाणू बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. जन्मतः लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे आजीकडून आईला व मावशीला आणि आईकडून मुलांना जे मिळाले तो विषाणूच होता. साखळी तोडण्याचा मार्गही साधा आहे. गरोदरपणात आईची तपासणी आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस. आई बाधित असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते.

गंमत अशी की खरोखर जनुकांतून येणारीही एक कावीळ आहे. तिला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. उपास घडला, ताप आला की डोळे थोडे पिवळे दिसतात आणि काही दिवसांत पूर्ववत होतात. तिचा विषाणूशी संबंध नाही, ती कोणाला लागत नाही आणि तिला औषधही लागत नाही.

एका घरात राहणे आणि एका रक्ताचे असणे

एका घरातील माणसे एकाच माठातले पाणी पितात, एकाच खोलीत झोपतात, त्यांना तेच डास चावतात. म्हणून घरात तिघांना डेंग्यू झाला, एवढ्यावरून जनुकांबद्दल काहीच कळत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी संशोधकांनी दत्तक गेलेल्या मुलांकडे पाहिले. १९८८ मध्ये डेन्मार्कमधील असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जन्मदात्या आईवडिलांपैकी एकाचा पन्नाशीच्या आत संसर्गाने मृत्यू झाला होता, त्या दत्तक मुलांनाही संसर्गाने अकाली मरण येण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ सहापट आढळला. दत्तक घेणाऱ्या पालकांच्या अशा मृत्यूचा तसा परिणाम दिसला नाही. जनुकांचा वाटा आहे, यात शंका नाही. पण तो दोन अगदी निराळ्या प्रकारांनी पडतो आणि तपासणीचा निर्णय या फरकावरच अवलंबून असतो.

पहिल्या प्रकारात जनुकांतले छोटे फरक असतात. ते कोट्यवधी लोकांत सापडतात आणि प्रत्येकाने धोका थोडासाच सरकतो. कोविडचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील एक तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना गंभीर कोविड होण्याची शक्यता काहीशी जास्त असते. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी २०२० मध्ये दाखवले की हा तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे. युरोपात साधारण १६ टक्के लोकांकडे त्याची किमान एक प्रत आढळते, तर दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे. पुढे २०२२ मध्ये झेबर्ग यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. हाच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतो. तेव्हा एखाद्या जनुकाला ‘वाईट’ म्हणताना ते कोणत्या विषाणूपुढे वाईट, हेही सांगावे लागते.

दुसऱ्या प्रकारात एकाच जनुकात मोठा बिघाड असतो. तो विरळा, पण त्याचा परिणाम जबर. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतील दोन-दोन भाऊ, सगळे तरुण आणि आधी धडधाकट, कोविडने कृत्रिम श्वसनयंत्रावर गेले आणि त्यांतला एक दगावला. चौघांतही टीएलआर७ या जनुकात दोष सापडला. विषाणू शिरल्याची पहिली वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्यांपैकी हे एक जनुक. ते एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने बिघाड झाकायला दुसरी प्रत नसते. अशा दोषात विषाणूला रोखणारे इंटरफेरॉन हे द्रव्य वेळेवर तयार होत नाही.

जिथे तपासणीवर पैसे घालवू नयेत

एक कसोटी पुरेशी आहे. रिपोर्ट कसाही आला तरी उपचार, लस किंवा पुढच्या मुलाबद्दलचा निर्णय बदलणार नसेल, तर ती तपासणी करू नका.

- कोविड-फ्लूचा ‘जनुकीय धोका’ सांगणारी पाकिटे. घरी नळी मागवा, थुंकी पाठवा, रंगीत आलेख मिळवा, असा हा प्रकार. वर सांगितलेला तुकडा आपल्याकडे निम्म्या लोकांत आहे. तो असला काय, नसला काय, सल्ला तोच राहतो. वय, मधुमेह, लठ्ठपणा आणि लस घेतली की नाही, यांवरून डॉक्टरांना त्याहून जास्त कळते.
- डेंग्यू. व्हिएतनाममधील मुलांच्या २०११ च्या अभ्यासात डेंग्यूच्या शॉकशी निगडित दोन जनुकीय जागा सापडल्या. उपचार मात्र त्यावरून ठरत नाहीत. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकदा एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली की आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. पूर्वी डेंग्यू झाला होता का, ही माहिती डॉक्टरांना द्या. ताप उतरत असताना पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर थेट रुग्णालय गाठा.
- हिपॅटायटिस ‘सी’. आयएफएनएल३ या जनुकाजवळच्या फरकावरून इंटरफेरॉनचा उपचार लागू पडेल की नाही याचा अंदाज येतो, हे २००९ मध्ये कळले आणि काही वर्षे ही तपासणी उपयोगी होती. आता सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने बहुसंख्य रुग्ण बरे होतात, जनुक कोणतेही असो. कोणी अजून ही तपासणी लिहून दिली तर कारण विचारा.
- ‘मला एचआयव्ही होऊच शकत नाही’ याचा शोध. सीसीआर५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीचे दार उघडत नाही. असे लोक युरोपीय वंशात सुमारे १ टक्का आहेत, भारतीयांत फार विरळ. शिवाय एचआयव्हीचे काही प्रकार दुसऱ्या दाराने शिरतात. निरोधला हा पर्याय नव्हे.

जिथे विचार करायलाच हवा

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे नेहमीचे आहे. मूल मधल्या काळात खेळते, खाते आणि त्याचे वजन वाढते, तर त्याची प्रतिकारशक्ती व्यवस्थित काम करते आहे असेच समजावे. ‘इम्युनिटी वाढवणारी’ सरबते त्याला लागत नाहीत. खालील प्रसंग मात्र वेगळे आहेत.

- आधी कोणताही आजार नसलेले मूल किंवा तरुण माणूस फ्लू, कांजिण्या, कोविड अशा सर्वांना होणाऱ्या संसर्गाने अतिदक्षता विभागात जाणे. फ्रान्समधील एका अडीच वर्षांच्या मुलीचा फ्लू असाच विकोपाला गेला होता. तिच्यात आयआरएफ७ या जनुकाचा दोष असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.
- हर्पिसच्या विषाणूने मुलाच्या मेंदूला सूज येणे. काही मुलांत टीएलआर३ आणि त्याच साखळीतील जनुकांचे दोष आढळले आहेत. इथे उपचार आधी, शोध नंतर. असायक्लोव्हिर तत्काळ सुरू व्हावे लागते.
- एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मुलाचा ताप न हटणे, प्लीहा वाढणे, रक्तातील सर्व पेशी घटणे आणि फेरिटिन खूप वाढणे. मुलग्यांत यामागे एक्स गुणसूत्रावरचा दोष असू शकतो.
- सजीव लस दिल्यावर लसीतलाच जंतू शरीरभर पसरणे.
- सपाट चामखिळी अंगभर पसरून वर्षानुवर्षे न जाणे.
- वर्षात दोन किंवा अधिक न्यूमोनिया, महिनोन्महिने जुलाब, तोंडात जात नसलेली पांढरी बुरशी, वजन न वाढणे.
- सख्ख्या भावंडाचा किंवा आईच्या भावाचा तान्हेपणी संसर्गाने मृत्यू. ‘मामा लहानपणीच गेला’ ही गोष्ट घरात दबक्या आवाजात सांगितली जाते आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

आईवडिलांचे लग्न जवळच्या नात्यातले असेल, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी झाले असेल, तर तेही सांगा. सख्ख्या आतेमामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे एकच सुप्त दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नाते नसले तरी पिढ्यान्पिढ्या एकाच जातीत लग्ने होत आल्याने हीच गोष्ट सौम्य रूपात घडते. जगात इतरत्रही असे दिसते. ग्रीनलँडच्या इनुइट लोकांत आणि पश्चिम पॉलिनेशियात इंटरफेरॉनशी संबंधित एकेक दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो.

पायऱ्या चुकवू नका

महागडी जनुक तपासणी ही पहिली पायरी नाही. क्रम असा असावा.

१. साधी रक्ततपासणी, पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीसह. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट पेशी एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० पेक्षा कमी असतील तर ती धोक्याची खूण आहे. हा आकडा पुष्कळदा रिपोर्टवर छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही.

२. एचआयव्ही चाचणी. प्रतिकारशक्ती घटण्याचे ते कारण आधी तपासून बाजूला ठेवावे लागते.

३. आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांचे प्रमाण. पहिल्या सहा महिन्यांत बाळाच्या रक्तात आईचे आयजीजी असते, म्हणून रिपोर्ट वयाप्रमाणे वाचावा लागतो.

४. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पेशी किती आहेत याची मोजणी.

५. यांतून दिशा मिळाली की जनुक तपासणी. आईवडिलांचे नमुने शक्यतो सोबतच द्या. दोष मुलाला कोणाकडून आला हे कळल्याखेरीज पुष्कळ रिपोर्टांचा अर्थ लागत नाही.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, प्रतिपिंडांचे इंजेक्शन आधी देऊन मग रक्त घेणे. असे झाल्यास ते प्रतिपिंड देणाऱ्यांचे मोजले जातात, बाळाचे नव्हे. दुसरी चूक कायमची नडते. बाळ अत्यवस्थ असताना त्याचे रक्त राखून ठेवायचे कोणाला सुचत नाही आणि ते गेल्यावर तपासायला काहीच उरत नाही. अशा वेळी ‘जनुक तपासणीसाठी रक्त राखून ठेवा’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ईडीटीए असलेल्या नळीतले थोडे रक्त पुरते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचे निदान तिथे होते. उत्तर भारतात चंडीगडची पीजीआय संस्था या कामासाठी ओळखली जाते.

लसींबद्दल दोन्ही बाजूंनी होणारी चूक

बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. निरोगी बाळाला ते काही करत नाहीत. तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता, ज्याला डॉक्टर ‘स्किड’ म्हणतात, असलेल्या बाळात मात्र हेच जंतू पसरू शकतात. इंटरफेरॉनचा दोष असलेल्या मुलांत गोवराच्या लसीनंतरही गंभीर आजार झालेले आहेत. बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस जन्मतःच दिला जात असल्याने विचार करायला वेळ फार थोडा असतो. म्हणून ज्या घरात आधीचे बाळ संसर्गाने गेले आहे किंवा असा दोष निदान झाला आहे, त्यांनी बाळंतपणाच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना सांगावे. रक्ततपासणी होईपर्यंत सजीव लसी थांबवता येतात. हिपॅटायटिस ‘ब’ची लस, टोचायची पोलिओ लस अशा निर्जीव लसींना अडचण नसते. घरात असे निदान झालेले मूल असेल तर इतर भावंडांनाही तोंडावाटे पोलिओ डोस देण्याआधी विचारावे, कारण तो विषाणू विष्ठेतून पसरतो.

उलट बाजूची चूक जास्त घातक आहे आणि तीच अधिक दिसते. ‘आमच्या बाळाला सतत सर्दी होते, घराण्यातच प्रतिकारशक्ती कमी आहे’ म्हणून लस लांबवली जाते. सर्दी हे लस थांबवण्याचे कारण नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ आली आणि त्यात मुले दगावली. प्रतिकारशक्तीचा खरा दोष असलेल्या मुलाला तर भोवतालच्या सगळ्यांनी लस घेतलेली असणे हाच मोठा आधार असतो.

औषधाआधीची एक चाचणी

विषाणूजन्य आजारात जनुक तपासणी रोजच्या उपचाराचा भाग बनल्याचे चांगले उदाहरण एचआयव्हीच्या औषधांत आहे. अबाकाव्हिर सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी ५७:०१ हा प्रकार आहे का ते पाहतात. असल्यास ते औषध द्यायचे नसते. तीव्र अ‍ॅलर्जी होऊन जिवावर बेतू शकते. औषध सुरू केल्यावर ताप, पुरळ, उलट्या, धाप असे एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एकदा ही अ‍ॅलर्जी म्हणून बंद केलेले अबाकाव्हिर पुन्हा कधीही घ्यायचे नसते. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा वाईट उलटते.

रिपोर्ट हाती आल्यावर

रिपोर्टात सापडलेला प्रत्येक बदल पाचपैकी एका गटात टाकलेला असतो. रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी असे ते गट. घोळ मधल्या गटाचा होतो. ‘अर्थ अनिश्चित’ याचा अर्थ दोष सापडला असा नाही, आणि त्यावरून गर्भपात, लग्न मोडणे किंवा प्रत्यारोपण असे निर्णय घेऊ नयेत. असे निकाल भारतीयांत जास्त येतात, कारण तुलनेसाठी वापरली जाणारी माहिती प्रामुख्याने युरोपीय लोकांची आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. आज अनिश्चित असलेला निकाल दोन वर्षांनी स्पष्ट होऊ शकतो, म्हणून फेरवाचनाबद्दल लॅबला विचारा.

दोष नक्की झाला तर पुढचे गणित वारशाच्या प्रकारावर ठरते. दोन्ही पालक सुप्त दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘एक मूल आजारी झाले, म्हणजे पुढची तिघे ठीक’ असा हिशेब नसतो. दोष एक्स गुणसूत्रावर असून आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. अशा वेळी दोष सुनेच्या माथी मारला जातो. कोणते जनुक पुढे जाईल हे कोणाच्याही हातात नसते आणि तो बदल पुष्कळदा मुलातच नव्याने झालेला असतो.

गर्भातील तपासणी, खर्च आणि हक्क

- कुटुंबातील नेमका दोष माहीत असेल तर गर्भाची तपासणी वारेच्या नमुन्यावरून किंवा गर्भजलावरून करता येते. दोष शोधायलाच काही आठवडे लागतात, म्हणून दिवस जाण्यापूर्वीच समुपदेशकाला भेटा.
- प्रसवपूर्व निदान तंत्राच्या १९९४ च्या कायद्यानुसार ही तपासणी फक्त नोंदणीकृत केंद्रात, ठरावीक कारणांसाठीच करता येते. लिंगसंलग्न जनुकीय आजार हे त्यांतले एक कारण आहे. तरीही गर्भाचे लिंग सांगणे गुन्हाच राहतो. स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेऊन तिची प्रत तिला द्यावी लागते. ती मागून घ्या.
- २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ‘स्किड’सारखे, मूळपेशी प्रत्यारोपणाने बरे होऊ शकणारे दोष पहिल्या गटात आहेत. ठरवून दिलेल्या केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे.
- आजार केवळ जनुकीय आहे या कारणाने आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना कळवले. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडे तक्रार करा आणि मग विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे शुल्क लागत नाही. मात्र प्रस्तावाच्या अर्जात विचारलेली माहिती लपवू नका. लपवलेले नेमके दाव्याच्या वेळी उलटते.
- जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. म्हणून रिपोर्ट कार्यालयात, नातेवाइकांच्या गटात किंवा स्थळ पाहणाऱ्यांकडे फिरवू नका. नमुना देताना तो संशोधनासाठी वापरला जाणार का, कोणाला दिला जाणार, हे संमतिपत्रात वाचा आणि नको असेल तिथे नकार नोंदवा.
- मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पण ती जपून ठेवण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे.

ही शेवटची मुदत लक्षात ठेवा. गेलेल्या बाळाची फाईल घरात पाहवत नाही म्हणून ती टाकून दिली जाते, कधी चुलीत जाते. पाच वर्षांनी त्या बाळाच्या आईच्या धाकट्या बहिणीला दिवस जातात तेव्हा त्याच फाईलमधला पांढऱ्या पेशींचा आकडा डॉक्टरांना हवा असतो आणि रुग्णालयातही तो उरलेला नसतो. ती फाईल टाकू नका. पाहवत नसेल तर दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या.